आत्याचं नाक आणि खालचं डायग्नोस्टिक्स

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा माझा गाळा भाड्याने गेला आणि त्यावर 'डायग्नोस्टिक्स' अशी पाटी लागली, तेव्हापासून ठाण्याच्या बाळकुममध्ये अंधार पडायचा बंद झालाय. मी वाढवून सांगत नाही. पाटी एवढी लांब, एवढी पांढरी आणि एवढी झगझगीत, की समोरच्या आंब्यावरच्या कावळ्यांना संध्याकाळ झाल्याचं कळेना. बिचारे ओव्हरटाइम करून करून वाळले. त्यातला एक तर थकून आमच्या गॅलरीत येऊन बसला आणि मी शपथेवर सांगतो, त्याने जांभई दिली.

पाटी पहिल्यांदा पेटली तेव्हा आत्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सासर कोपरचं. नवरा गेल्यावर ती माहेरी चार दिवस म्हणून आलेली, ती राहिलीच. मधल्या काळात आमची जमीन बिल्डरकडे गेली, जमिनीवर टॉवर उगवला, आमच्या वाट्याला फ्लॅट आले आणि ज्या मातीत आत्या लहानपणी अनवाणी फिरली, त्याच मातीच्या चार मजले वर ती आता मोजे घालून बसायची.

"काय लिवलंय र ते?" तिने विचारलं.

"डायग्नोस्टिक्स."

"म्हंजे काय इकतात?"

"विकत काही नाहीत, आत्या. रक्त घेतात, लघवी घेतात, तपासतात आणि माणसाला काय झालंय ते सांगतात."

"आनि मग बरं करतात?"

"नाही. बरं करणारे दुसरीकडे. हे नुसतं सांगतात."

"नुसतं सांगायचे पैसे घेतात?"

"घेतात."

आत्याने पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा न्याहाळली. "ते तर मी जल्मभर फुकट केलं," ती म्हणाली. "मना कोनी पाटी नाय लावली."

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या मागेच लागला. गाडी सर्व्हिसिंगला नेली तर मेकॅनिकने बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली आणि खुर्चीत जाऊन बसला. "काय करताय?" म्हटलं, तर म्हणाला, "डायग्नोस्टिक्स लावलंय साहेब, गाडी स्वतःच सांगेल." वायफाय बंद पडलं म्हणून फोन केला, तर एक गोड आवाज म्हणाला की तुमच्या लाइनचं डायग्नोस्टिक्स चालू आहे, कृपया प्रतीक्षा करा. मग एवढा वेळ बासरी वाजली, की माझ्या डोक्यावरचे उरलेले केस बासरी ऐकता ऐकता पांढरे झाले. कपडे धुवायचं मशीनसुद्धा आता बंद पडण्याआधी दिवे लुकलुकवून आपल्याला कुठे दुखतंय ते दाखवतं. माझी मुलगी म्हणते, शब्द ग्रीक आहे, मुळात अर्थ आरपार ओळखणं. तिला सगळंच माहीत असतं, आणि नसलं तर तिच्या फोनला असतं.

पेपरात याला निदान म्हणतात. पण आमच्या घरात निदान कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे म्हणायचे, "आत्याला हुंगायला दे."

दूध नासलंय की नुसतंच रुसलंय? आत्याला हुंगायला दे. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधी वर्षाची सुकी मासळी भरायची तेव्हा, जवळा चांगला उन्हात वाळलाय की वाळूत लोळलाय? आत्याला हुंगायला दे. पोराला ताप आलाय? त्याचं कपाळ आत्याच्या नाकाला लाव. ती डोळे मिटायची, एक श्वास आत घ्यायची आणि म्हणायची, "दातांचा हाय." नाहीतर, "यो चांगला नाय, डॉक्टरकडे न्या." गॅसचा सिलेंडर कधी संपणार ते सिलेंडरच्या आधी तिला कळायचं. कल्याणला कुणी बोंबील भाजायला घेतले, की आत्या बाळकुममध्ये भाताचं आधण ठेवायची.

माझ्या चुलतबहिणीला बघायला एक मुलगा आलेला. सोवळा, सभ्य, चहासुद्धा नको म्हणाला, नुसतं पाणी प्यायला. आत्या पाण्याचा तांब्या न्यायच्या निमित्ताने त्याच्या मागून एक चक्कर मारून आली आणि आत येऊन म्हणाली, "पितो." सगळे तिच्यावर चिडले. सोयरीक मोडली. पुढे त्याचं दुसरीकडे जमलं तेव्हा तो स्वतःच्या वरातीत घोड्यावरून पडला. घोडा पूर्ण शुद्धीत होता.

हे नाक तयार झालं मिठागरात. आज आमचा टॉवर, शेजारचा टॉवर आणि मधला पोहायचा तलाव जिथे आहे, तिथे पूर्वी खाडीचं पाणी कोंडून मीठ पिकवायचे. आत्या सांगायची, की मीठ पडायच्या आदल्या दिवशी पाण्याला एक वास सुटतो. मोठ्या माणसांना तो यायचा नाही, हिला यायचा. ही जाऊन आजोबांना सांगायची, "उद्या पडेल," आणि आजोबा फावडी काढून ठेवायचे. हिच्या शब्दावर अख्खं मिठागर चालायचं. म्हणजे असं ती सांगायची. आमच्या घराण्यात वाढवून सांगायची खोड नेमकी कुणाकडून आली, त्याचंही निदान इथेच होतं.

आणि सगळ्यांत मोठी तपासणी म्हणजे दृष्ट. कुणी किरकिरायला लागलं, कुणाचं जेवण तुटलं, की आत्या मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत धरून त्याच्यावरून उतरवायची आणि लोखंडी तव्यातल्या निखाऱ्यांवर टाकायची. मग तव्यावर नाक धरून उभी राहायची. मिरचीचा खकाणा उठला, नाकात झोंबला, तर काही नाही, उगाच नाटकं. वासच आला नाही, तर दृष्ट जबरदस्त लागलेली, ती मिरचीने खाल्ली. रिपोर्ट तिथल्या तिथे. उपाशीपोटी यायची गरज नाही.

मग ते साथीचं वर्ष आलं. आमच्या घरात सगळ्यांना ताप येऊन गेला आणि सगळ्यांचाच वास गेला. मला आठवतंय, मी चहा समजून काढा प्यायलो आणि वर बायकोला म्हटलं, आज आलं छान पडलंय. मग एकेकाचा वास परत आला. माझा सुकटीवर आला. बायकोचा, ती म्हणते, माझ्या बनियनवर आला. आत्या काही बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिच्या नाकाची चौकशी कोण करणार? खाडीला कुणी विचारतं का, भरती येते ना बाई तुला?

त्यानंतर घरात दृष्टींचा सुकाळ झाला.

पहिला नंबर माझा. वर्तकनगरला एका लग्नात नवा जोधपुरी घालून गेलेलो. परत आलो तर आत्याने मला पाटावर बसवलं, मीठ-मिरच्या उतरवल्या, गॅलरीत तवा ठेवून त्यावर वाकली. मग आत येऊन गंभीरपणे म्हणाली, "वासच नाय. लय मोठी लागलीय."

माझी छाती एवढी फुगली, की जोधपुरीची दोन बटणं समोरच्या भिंतीत रुतली. नाक्यावर जाऊन सांगितलं, वर्तकनगरपर्यंत लोक जळतात आपल्यावर. पुढच्या आठवड्यात पुन्हा लागली. मग पुन्हा. मी तर वैताग आल्याचं नाटक करत आनंदाने पाटावर बसायचो.

मग बायकोला लागली. मुलीला लागली. वॉचमनला लागली, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आयुष्यात आपल्यावर कुणी जळेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मग गाडीला लागली. मग कपड्यांच्या मशीनला लागली. दर वेळी तेच. वासच नाय.

आता हे सगळं गॅलरीत चालायचं, आणि आमच्या गॅलरीतून खाडीचा वारा धावत शेजारच्या टॉवरमध्ये शिरतो. त्यामुळे दृष्ट आमची आणि खोकला त्यांचा. त्यांच्या सेक्रेटरीने मला थांबवून विचारलं, "तुमच्याकडे रोज कसला स्वयंपाक असतो हो? आमच्या आठव्या मजल्यावरचे काका योगासनं करता करता उलटे पडले." मी म्हटलं, पारंपरिक आहे.

मुलगी मात्र एकदा म्हणाली, "बाबा, तुमच्यावर ठीक आहे. पण वॉशिंग मशीनवर कोण जळतंय?"

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण कौतुक झालं की माझं डोकं सुट्टीवर जातं.

एका रविवारी दुपारी मी पाटावर बसलेलो. गॅलरीचं सरकतं दार अडकलेलं, बंद होईना. आत्याने तव्यावर मूठ टाकली, नेहमीपेक्षा मोठी, आणि तेवढ्यात वाऱ्याने तोंड फिरवलं. सगळा खकाणा घरात. बायको स्वयंपाकघरातून खोकत बाहेर आली, मुलगी तिच्या खोलीतून शिंकत आली, मी पाटावरून उठून सोफ्यात तोंड खुपसलं. घरातला पंखासुद्धा खोकला.

आत्या तव्यावर वाकलेली तशीच. तिचे डोळे गळत होते, ठसका तिलाही लागत होता, पण ती हटत नव्हती. एकेक श्वास असा ओढत होती, जसं खोल विहिरीतून पाणी ओढतात. मग तिने वर बघितलं.

"येतोय?"

"काय?"

"वास. वास येतोय का र तुला?"

"आत्या, जीव जातोय."

"मना नाय येत," ती म्हणाली.

मी तवा उचलून मोरीत नेला, पाणी ओतलं. परत आलो तर ती खाली बसलेली, पदराने डोळे पुसत.

"झोंबतं. डोल्यांना झोंबतं, घशाला झोंबतं. वास नाय. त्या तापापासून नाय."

"म्हणजे या सगळ्या दृष्टी?"

"कोन जलनार तुझ्यावर?" आत्या म्हणाली. "मी माजं नाक बघत होते. रोज वाटायचं, आज येईल."

बायकोला त्या खोकल्यातही हसू फुटलं. माझ्या मात्र वर्तकनगरपर्यंत पसरलेल्या कीर्तीचा त्या मोरीत चुर्र आवाज झाला.

मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "एवढंच ना? दूध आम्ही बघू, गॅस आम्ही बघू. तू कशाला काळजी करतेस?"

"दूध गेलं खड्ड्यात." तिने पदर सावरला. मग म्हणाली, "मना मिठागराचा वास आठवत नाय आता. नाक होतं तवा खाडीचा वारा आला, की त्यात जरासा असायचा. तेवढा पुरायचा. मग आई दिसायची, बाबा दिसायचा, तुझा बाप चिखलात फतकल मारून बसलेला दिसायचा. आता वारा येतो आनि नुसता गार लागतो. आनखी थोडे दिवस गेले, तर त्यांची तोंडं पन जातील."



दुसऱ्या दिवशी मी तिला नवी साडी नेसायला लावून खाली नेलं. गाळ्याचा मालक म्हणून जरा ऐटीतच. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "आमच्या आत्याची टेस्ट करायची."

"कुठली, सर?"

"वासाची."

तिने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. शुगर होती, थायरॉइड होतं, अशा अशा गोष्टी होत्या ज्या माझ्या अंगात आहेत हेच मला माहीत नव्हतं. "वासाची नाहीये, सर," ती म्हणाली. "त्यासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागेल."

"एवढी मोठी पाटी," आत्या तिला म्हणाली, "आनि नाकच नाय?"

मुलगी बिचारी ओशाळली. आत्यानेच मग तिच्या गालावरून हात फिरवला. "असूं दे. तुझी काय चूक. जेवलीस का?"

वर्तकनगरचे डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी आत्याला डोळे मिटायला सांगून एकेक बाटली नाकाशी धरली. कॉफी. लवंग. आत्या प्रत्येक वेळी म्हणायची, "काय तरी हाय." शेवटी त्यांनी रिकामी बाटली धरली, तेव्हाही ती म्हणाली, "काय तरी हाय." ते ऐकून मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

डॉक्टर म्हणाले, वासाची नस दुखावली आहे. येईलही, नाही येणार असंही होईल. एक व्यायाम असतो, त्याचा उपयोग काहींना होतो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, असे वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचे आणि हुंगताना तो वास मनात आठवायचा.

"डॉक्टरसाहेब," आत्या म्हणाली, "गुलाबाची नि माजी कवा वलख? मी गुलाबाचं काय आठवू?"

डॉक्टर हसले. "मग तुमच्या ओळखीचा घ्या. चालेल."

ओळखीचा म्हणजे कुठला, ते गाडीत बसेपर्यंत तिने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

पण मिठागर आणायचं कुठून? बाळकुमला खाडीपर्यंत गेलो तर मध्ये भिंत, भिंतीवर तार, तारेपलीकडे जॉगिंग ट्रॅक. म्हणून गाडी काढून कोपरला गेलो, आत्याच्या सासरच्या बाजूला, जिथे अजून खाडीचा काठ हाताला लागतो. तिथे मी चिखलात उतरलो. कमरेपर्यंत रुतलो. एक खेकडा माझ्याशी हात मिळवायला आला आणि सोडेना. चप्पल खाडीने घेतली ती दिलीच नाही. कोपरची दोन माणसं काठावरून बघत होती, त्यातला एक म्हणाला, "काका, काही हरवलंय का?" म्हटलं, हो. बायको म्हणते, परत आलो तेव्हा चिखल घोट्यापर्यंतच होता. वाटेत वाळून खाली आला असेल.

श्रीखंडाच्या डब्यातून ती खाडी मी घरी आणली. बायकोने डबा स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. गॅलरीत आत्याच्या मांडीवर ठेवला. तिने झाकण उघडलं. पाटी नुकतीच पेटलेली, तिचा पांढरा उजेड खालून तिच्या हनुवटीवर येत होता. ती वाकली. श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला.

मग डबा माझ्यापुढे केला. "तू घे."

मी हुंगलं.

खरं सांगायचं तर त्याला गटाराचा वास होता. साबणाचा होता, कसल्यातरी कारखान्याचा होता, कुजलेल्या निर्माल्याचा होता. त्याखाली, अगदी तळाशी, दुसरं काहीतरी होतं, किंवा मला हवं होतं म्हणून होतं.

"सांग," आत्या म्हणाली.

"काय सांगू?"

"काय काय येतं ते. एवढी बडबड करतोस जल्मभर."

मी घसा साफ केला. "आत्या, असा वास, की आख्ख्या ठाणे जिल्ह्यात..."

"वाढवू नको. जेवढा हाय तेवढाच सांग."

आयुष्यात मला इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं. एका बोंबलाचा देवमासा करणं सोपं आहे. मी पुन्हा हुंगलं. "आधी... कुजका येतो. मग ओल्या लोखंडासारखा. मग..."

"मग?"

"मग जरा काकडीसारखा."

तिचे डोळे मिटले. "कापलेली का अख्खी?"

मी डब्याकडे बघितलं. डब्यातून साबण येत होता. "कापलेली," मी म्हटलं.

"मग त्याच्या मागनं शेवालाचा येईल. उन्हात सुकलेल्या. बघ."

मी बघितलं. "आला."

"खोटारडा," आत्या म्हणाली. डोळे उघडले नाहीत. "आनि त्याच्या मागनं फावड्याचा. लाकडाचं फावडं, मीठ ओढायचं. उन्हात तापलं, की त्याच्या दांड्याला बाबाच्या हाताचा वास यायचा. तंबाखूचा नि घामाचा. तुझा बाप ते फावडं उचलायला बघायचा नि बदकन पडायचा. आई लांबनं वरडायची."

"काय ओरडायची?"

"उठ, मेल्या, मिठात पडलास तर खारवून ठेवीन."

ती हसली. मीही. खाली काउंटरवरची मुलगी शटर अर्धं ओढून चहाला निघालेली, तिने वर बघून हात केला.

तेव्हापासून हे रोजचं झालंय. मिरच्या बंद. शेजारच्या टॉवरला वाटतंय आम्ही गाव सोडलं. पाटी पेटली, की आत्या डबा मांडीवर घेते, आधी स्वतः हुंगते, मग मला देते. चिखल वाळतो, मग मी त्यात मिठाचं पाणी शिंपडतो. मी सांगतो, ती मला दुरुस्त करते. "एवढा गोड नाय." "लोखंड आधी, काकडी नंतर." कधीकधी तिलाच काही आठवत नाही, मग मी एखादी थाप घालतो, तिला ती लगेच कळते आणि तिच्या रागाने खरं आठवतं. एकदा ती काउंटरवरची मुलगी वर आली, जरा वेळ बघत बसली आणि विचारलं, "आजी, तुम्ही दोघं करता काय?"

"हा हुंगतो," आत्या म्हणाली. "मी सांगते."

परवा मी असाच सांगत होतो. लोखंड झालं, काकडीला लागलो, तेवढ्यात खाडीकडून वारा आला. बरा जोरात. आत्याने एकदम हात वर केला. मी थांबलो. तिने तोंड वाऱ्याकडे फिरवलं, नाकपुड्या जराशा हलल्या, आणि तिचा चेहरा असा झाला, जसं दूरवर कुणीतरी आपल्याला हाक मारल्यासारखं वाटतं तेव्हा होतो.

मी श्वाससुद्धा घेतला नाही. वारा गेला.

"काय, आत्या?"

"काय नाय." तिने डब्याचं झाकण नीट बाजूला ठेवलं आणि डबा पुन्हा माझ्याकडे सरकवला. "सांग तू. काकडीपर्यंत आलेलो."